अडीच एकर, तीन जनावरे आणि घरचे हात
(सेंद्रिय ऊसशेतीचा रोजचा हिशेब)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



लागण नोंदीचे दिवस आले की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, सेंद्रिय ऊस केला तर परवडंल का?" विचारणारे बहुतेक दोन-तीन एकरांचे सभासद असतात. खताच्या पोत्याचा दर, रानाचा उतरत चाललेला कस, एका जागी येऊन थांबलेले टनेज आणि कुठेतरी ऐकलेले एखादे भाषण, यातून हा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे झटकन 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देणारा माणूस एक तर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर त्याने स्वतः शेणात हात घातलेला नसतो.

म्हणून या पाठात उत्पन्नाचे तक्ते न देता एका सभासद कुटुंबाचा दिवस कसा जातो ते सांगणार आहे, आणि त्याच्या जोडीला थोडे गणित. गणित आपण सर्वांनी वही-पेन्सिल घेऊन करावे. ते अवघड नाही.

हे कुटुंब आपल्याच कार्यक्षेत्रातील, नदीकाठच्या गावचे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. अडीच एकर मध्यम काळी जमीन, विहीर आणि सामाईक उपसा योजनेचे पाणी. फेरपालटाप्रमाणे साधारण एकरभर लागण, एकरभर खोडवा आणि उरलेल्या अर्ध्या एकरात वैरण, भाजीपाला व घरापुरती ज्वारी. दावणीला एक म्हैस, एक खिलार गाय व एक संकरित गाय. घरात तात्या आणि आक्का, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन मुले. सहा वर्षे झाली, रासायनिक खताचे पोते त्यांच्या रानात फुटलेले नाही.

सेंद्रिय म्हणजे काय, काय नव्हे

सेंद्रिय म्हणजे नुसते खत न घालणे नव्हे. काही न घालता, काही न करता सोडलेल्या रानाला आपल्याकडे पडीक म्हणतात. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे युरिया, डीएपी, तणनाशक व रासायनिक कीटकनाशक चालत नाही आणि रान 'सेंद्रिय' म्हणवून घेण्यापूर्वी हंगामी पिकांसाठी दोन वर्षे, तर बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षे संक्रमणाचा काळ काढावा लागतो. या दोन-तीन वर्षांत खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा, अशी गत असते. ही गोष्ट व्यासपीठावरून फारशी सांगितली जात नाही.

दिवस कसा जातो

घरात पहिला दिवा लागतो तो सुनेचा, पाच वाजण्यापूर्वी. पहिले काम गोठा. या गोठ्याला दगडी फरशी आहे, फरशीला उतार आहे आणि उताराच्या शेवटी हातभर रुंद नाली. जनावरांचे मूत्र नालीतून थेट एका छोट्या टाकीत जाते. सभासदांनी गोठा बांधताना पत्र्यावर जेवढा खर्च केला, त्याच्या चौथाई या नालीवर करावा असे माझे स्पष्ट मत आहे. मूत्रात नत्र आणि पालाश भरपूर असते आणि आपल्या शंभरातील नव्वद गोठ्यांत ते जमिनीत मुरून जाते. फरशी करण्याची ऐपत नसेल तर जनावरांच्या पायाखाली पाचटाचे तुकडे किंवा कोरडी माती पसरावी, दुसऱ्या दिवशी ती उचलून खड्ड्यात टाकावी.

तीन जनावरांचे मिळून रोज तीस ते पस्तीस किलो शेण निघते. त्यातील पंचवीस किलोच्या आसपास गोबरगॅसच्या टाकीत जाते. एक घनमीटर गॅसला एवढे शेण लागते. चहा आणि सकाळचा स्वयंपाक त्यावर होतो. आक्का पूर्वी शेणी थापत असत, ते काम बंद झाले. "शेणी जाळली की खत जळलं, हे मला पंचवीस वरसं कुणी सांगितलंच न्हाई," असे त्या म्हणतात. गॅस निघून गेला तरी शेणातील नत्र स्लरीत राहते, ते कमी होत नाही, एवढे येथे लक्षात घ्यावे.

दूध काढून साडेसहाला डेअरीत. मुलगा वैरण कापून आणतो. मुले शाळेला गेली की सून आणि आक्का खुरपी घेऊन रानात. तात्यांचे गुडघे गेले आहेत, ते बांधावर बसून बी निवडणे, जीवामृत ढवळणे, पाट फोडणे अशी कामे पाहतात. दुपारी भाकरी तिथेच. ऊन उतरल्यावर मुलगा स्लरी गाळून बॅरलने पाण्याच्या पाटात सोडतो. संध्याकाळी पुन्हा गोठा, पुन्हा धारा. आणि ज्या आठवड्यात विजेची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मोटार चालू करायला, दारे धरायला घरातले कोणीतरी रात्री रानात. ठिबक बसविल्यापासून रात्रीचे दारे धरणे बरेच कमी झाले, पण गाळण साफ करणे वाढले. स्लरी नीट गाळली नाही तर ड्रीपर तुंबतात.

यात रविवार नाही. सगेसोयरे लग्नाला बोलावतात तेव्हा एकाला गोठ्यासाठी मागे राहावे लागते. पोत्याच्या शेतीत खत घालणे हे वर्षातून चार दिवसांचे काम असते, या शेतीत ते ३६५ दिवसांचे आहे. फरक नेमका इथे आहे.

नत्राचे गणित

आता वही उघडावी. पूर्वहंगामी उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३४० किलो नत्राची आहे. म्हणजे एकरी १३६ किलो. स्फुरद व पालाशही लागते, पण आज आपण नत्रापुरतेच बोलू, कारण सेंद्रिय शेतीची गाडी पहिल्यांदा अडते ती नत्रावर.

तीन जनावरांचे वर्षाचे ओले शेण सुमारे बारा टन. कुजून तयार खत त्याच्या निम्मे, म्हणजे सहा टन. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर सहा टनांत तीस किलो झाले. लागणीपूर्वी जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, दीड महिन्यात, तो गाडला तर एकरी पंचवीस ते पस्तीस किलो नत्र मिळते. दोनशे किलो निंबोळी पेंड घातली तर पाच टक्क्यांनी दहा किलो. बेरीज करा. सत्तर किलो. घरचे सगळे शेणखत एकाच एकरात ओतून आणि पावसाळी पीक सोडून हिरवळ गाडून आपण कसेबसे निम्म्यावर येतो. आणि खोडव्याच्या एकराला तर अजून काही दिलेलेच नाही.

उरलेले निम्मे कुठून आणायचे? येथे जिवाणू खते कामाला येतात. अ‍ॅसिटोबॅक्टर हेक्टरी १० किलो आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू सव्वा किलो, शंभर लिटर पाण्यात कालवून त्यात बेणे अर्धा तास बुडवून लावले तर नत्राची निम्मी बचत होते, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे कागदावर गणित जुळले. रानात मात्र ते लगेच जुळत नाही. जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब लागतो, ओल लागते. ज्या रानात वर्षानुवर्षे पाचट जाळले आणि शेणखत पाहिले नाही, तेथे जिवाणू सोडणे म्हणजे रिकाम्या दावणीला जनावर बांधण्यासारखे आहे. कर्ब वाढायला काही वर्षे जातात. या कुटुंबाचे टनेज पहिल्या लागणीला उतरले होते, बांधावर उभे राहून शेजारच्या प्लॉटकडे पाहिले की फरक डोळ्यांना दिसत होता. तात्या त्या वर्षी त्या बांधावरून जाणेच टाळीत.

जीवामृताविषयी

जीवामृत आता बहुतेकांना ठाऊक आहे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी त्याचा प्रसार केला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचे आणि आठवड्याच्या आत एकराला पाण्यातून सोडायचे.

हे कुटुंबही ते करते आणि त्यांना गुण येतो. परंतु आपले काही सभासद महिन्याला एक बॅरल सोडून 'खत झाले' म्हणतात, त्यांच्यासाठी पुन्हा गणित. दहा किलो ओल्या शेणात नत्र पन्नास ग्रॅमच्या आत. गोमूत्रात फार तर शंभर ग्रॅम, बेसनात सत्तर ग्रॅम. सगळ्या बॅरलात मिळून साधारण दोनशे ग्रॅम. दर महिन्याला सोडले तरी वर्षाचे अडीच किलो होत नाही. उसाला हवे एकशे छत्तीस. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. विरजण चांगले असूनही पातेल्यात दूधच नसेल तर दही कशाचे लागणार? रानात पाचट, शेणखत, हिरवळ असेल तर जीवामृताने ते लवकर कुजते, पिकाला लागू पडते. नसेल तर ऊस पिवळा पडतो आणि मग दोष जीवामृताला दिला जातो.

खोडवा पिवळा पडला तेव्हा

हे प्रत्यक्ष घडलेले आहे. दुसऱ्या वर्षी या कुटुंबाने ऊसतोड झाल्यावर पाचट न जाळता सरीआड सरी पसरले, बुडखे जमिनीलगत छाटले, पाणी दिले. येथवर सर्व बरोबर. पण फुटवे आले ते फिक्कट. महिन्याने तर एकरभर खोडवा हळदीसारखा दिसू लागला. भावकीतले लोक बांधावर येऊन चुकचुकू लागले. मुलाने तालुक्याला जाऊन युरियाची दोन पोती आणली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली. ती आठ दिवस तिथेच होती. तात्यांचे म्हणणे, दोन वर्षे काढली ती पाण्यात घालवायची नाहीत. मुलाचे म्हणणे, खोडवा गेला तर सोसायटीचे काय भरायचे? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मधल्या काळात जेवायला दोघे एका पंगतीला बसत नव्हते.

मला बोलावले तेव्हा रानात जाऊन पाचट उकरून पाहिले. खाली ओल चांगली होती, पांढरी बुरशी धरली होती, म्हणजे कुजण्याची क्रिया जोरात चालू होती. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अवघे अर्धा टक्का. ते कुजविणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीला नत्र लागते आणि ते ते जमिनीतून उचलतात. तेवढा काळ उसाला नत्र कमी पडते. जिवाणू मेले की तेच नत्र परत जमिनीला मिळते. नत्र नाहीसे झालेले नसते, ते उसने गेलेले असते. रासायनिक शेतीत यासाठी पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया टाकायला आम्ही सांगतो. सेंद्रियमध्ये तीच भूक स्लरी आणि गोमूत्र यांनी भागवावी लागते आणि ती पाचट पसरल्याबरोबर, पिवळेपणा दिसण्याची वाट न पाहता.

त्या घरात मग सगळी स्लरी पंधरा दिवस दुसरीकडे न वळवता त्या एकरातच सोडली. पाचट कुजविणारे जिवाणू टनाला एक किलो या प्रमाणात शेणकाल्यातून शिंपडले. बुडख्याजवळ पहारीने भोके पाडून पेंड घातली. तीन आठवड्यांनी नवीन पाने हिरवी निघाली. पोती भावकीतल्या एकाने नेली.

पाचटाचे महत्त्व या अंकातून अनेकदा सांगून झाले आहे, पण न सांगून चालत नाही. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यातून चाळीस-पन्नास किलो नत्र, त्याच्या निम्मे स्फुरद, पाऊणशे ते शंभर किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब रानाला मिळतो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरात जातात. शिवाय पाचटाच्या आच्छादनाखाली तण कमी उगवते आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या वाचतात. सेंद्रिय करा वा न करा, एवढे एक काम प्रत्येक सभासदाला फुकटात करता येते.

किडीपुरते

याबाबत थोडक्यात सांगतो, कारण येथे सेंद्रिय शेतकरी फारसा मागे नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला तेव्हा सगळ्यांनी पंप पाठीवर घेतले. पण त्याला शेवटी आवरला तो डिफा, मायक्रोमस या मित्रकिडींनी. जेथे फवारणी अतोनात झाली तेथे मित्रकीडही मेली. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डे गट ऑफिसात मागणी नोंदवून घ्यावीत; कार्ड कडक उन्हात किंवा मुंग्यांच्या वाटेवर लावू नये.

हुमणीचे मात्र एकट्याने भागत नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की भुंगेरे रात्री आठच्या सुमारास कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. तुम्ही केले आणि शेजाऱ्याने केले नाही तर त्याचे भुंगेरे तुमच्या शेणखतात अंडी घालतात. कच्चे शेणखत रानात नेणाऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याला हुमणीचा त्रास जास्त होतो, हे कटू असले तरी खरे आहे. खत पूर्ण कुजलेले हवे. त्यात मेटारायझियम बुरशी मिसळून टाकल्यास आणखी बरे.

तण आणि सुनेची वही

या शेतीतील सर्वात जड काम खुरपणी. तणनाशक नाही म्हटल्यावर लागणीच्या उसात मोठ्या बांधणीपर्यंत तीन खुरपण्या धराव्याच लागतात. या घरात दोन गोष्टींनी भार हलका झाला. पूर्वहंगामी लागणीत सरीच्या बगलेला हरभरा टोकतात. त्याने जागा व्यापल्यामुळे तण कमी, नत्राला थोडा हातभार आणि डाळीचा खर्च वाचतो. दुसरी गोष्ट पैरा. गल्लीतल्या चार घरच्या बायका आलटून-पालटून एकमेकींच्या रानात जातात. पैसे द्यावे लागत नाहीत, पण आलेला दिवस फेडावा लागतो.

मागच्या साली मी त्यांचा उत्पादन खर्च मांडायला बसलो. छापील तक्ता : मशागत, बेणे, खते, औषधे, पाणीपट्टी, मजुरी. मुलगा आकडे सांगत होता, खताच्या आणि औषधाच्या खान्यात जवळजवळ काही नाही म्हणून खूश होता. सून भाकरी करता करता ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, मजुरीच्या खान्यात बाहेरच्या बायका मांडल्या. मी कुठं हाय त्यात?"

"वहिनी, घरची मजुरी या तक्त्यात धरत नाहीत," मी म्हणालो.

"मग हे खत काय वरनं पडलं व्हय?"

ती उठून मुलाच्या शाळेची एक जुनी वही घेऊन आली. त्यात तिने महिनाभर रोजचे तास लिहिले होते. गोठा सकाळ-संध्याकाळ मिळून साडेतीन तास. खुरपणी चार. स्लरी, जीवामृत, खड्डा भरणे यात तास. भाजी तोडणे, जुड्या बांधणे, बाजारच्या दिवशी बाजार. स्वयंपाकपाणी सोडून रोजचे साडेनऊ तास होत होते. तात्या म्हणाले, "अगं, घरचंच काम की ते." त्यावर कोणी बोलले नाही. मुलगा वहीची पाने उलटत राहिला.

त्या रात्री आम्ही गावच्या चालू मजुरीने तिचे, आक्काचे आणि मुलाचे तास मांडले. रासायनिक खतावर वाचलेला पैसा त्या आकड्यापुढे फारच लहान निघाला. ही शेती तोट्याची आहे असे मला म्हणायचे नाही. दूध, भाजी, हरभरा, कमी उचललेले पीककर्ज, हे सारे धरले तर घर चालले आहे, आणि बरे चालले आहे. पण खताचे पोते ज्या जागी होते त्या जागी आता एका बाईचे साडेनऊ तास आहेत. ते तास कोणाचे, किती आणि कुठवर मिळणार, हे ठरविल्याशिवाय सेंद्रियमध्ये उतरू नये. ज्या घरात मुलगा एमआयडीसीत पाळीला जातो, म्हातारी माणसे थकलेली आणि दावणीला एकच म्हैस आहे, त्या घराने अडीच एकर एकदम सेंद्रिय केले तर सारा भार एकीच्याच कमरेवर येणार.

त्यानंतर या घरात काही बदल झाले. मुलाने सकाळचा गोठा स्वतःकडे घेतला. चाकाचे कोळपे आणले. घराजवळ नाडेप टाकी बांधली. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दिलेली ही पद्धत : विटांची, भिंतीला झरोके ठेवलेली, दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच टाकी. कमी शेणात काडीकचरा जास्त कुजतो, तीन-चार महिन्यांत खत तयार होते आणि रोज ढीग वरखाली करण्याचे काम वाचते. भाजीच्या उत्पन्नाचे पैसे सुनेच्या खात्यावर जातात. ही शेवटची गोष्ट तात्यांनी आपणहून सुचविली, असे आक्का सांगतात.

दराचे

मी कारखान्याचा नोकर आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे. कारखान्याच्या गव्हाणीत सेंद्रिय मोळी आणि साधी मोळी एकत्रच पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. ती काढताना ऊस कोणत्या खतावर वाढला हे विचारात घेतले जात नाही. तेव्हा 'सेंद्रिय ऊस म्हणून जादा दर' ही अपेक्षा मनात धरून कोणी सुरुवात करू नये. सेंद्रिय गुळाला, काकवीला गिऱ्हाईक आहे. हे कुटुंब नोंदीबाहेरच्या काही गुंठ्यांतील उसाचा गूळ करून घेते. शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ पडतो, मळी काढायला रानभेंडी वापरतात. नोंदलेला ऊस मात्र पोटनियमाप्रमाणे कारखान्यालाच घातला पाहिजे. याबाबत वाद घालायला कृपया माझ्याकडे येऊ नये.

प्रमाणपत्र हवे असल्यास एकेकट्याने करण्यापेक्षा गावात पाच-सात जणांचा गट करून सहभागी हमी पद्धतीने नोंदणी करणे सोपे आणि स्वस्त. शेजाऱ्याच्या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने येतो, वरच्या रानाचे पाणी खाली उतरते. म्हणून बांधाकडेला शेवरी, गिरिपुष्प लावून पट्टा सोडावा. त्याचा पाला खतालाही होतो. कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट घ्यायचे असेल तर प्रमाणीकरण करणाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी, ट्रॉली रिकामी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

या हंगामात काय करावे

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी पहिल्या वर्षी फार तर अर्धा एकर घ्यावा, तोही खोडव्याचा, पाचट ठेवून. उरलेल्या रानात रासायनिक खत माती परीक्षणाप्रमाणे चालू ठेवावे. घरातील कर्त्या बाईला विचारल्याशिवाय क्षेत्र ठरवू नये आणि एक महिना प्रत्येकाचे तास वहीत लिहावेत.

मातीचा नमुना लागणीपूर्वी, खत टाकण्याच्या अगोदर काढावा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा व पाण्याचा पाट सोडून नागमोडी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडावी. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत राहावे. माती सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नये, स्वच्छ कापडी पिशवी घ्यावी. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, मागील पीक लिहून पिशवी गट ऑफिसात द्यावी. अहवाल आल्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी पाहावा. तो ०.४० टक्क्यांच्या आत असेल तर त्या तुकड्यात यंदा ताग पेरावा आणि सेंद्रिय लागणीचा विचार पुढच्या हंगामात करावा. तागाचे बी एकरी वीस ते पंचवीस किलो लागते. मागणी मे महिन्यापूर्वी नोंदवावी, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाला ते हातात पडेल.